साडेआठशे एक्स्टेन्शनच्या टेलिफोन यंत्रणेसाठी सर्व्हर : पॉवरएज आर६५० वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या कंपनीचे मुख्य कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे आणि ग्राहकसेवा केंद्र नवी मुंबईत महापे येथे आहे. दोन्ही ठिकाणची मिळून साडेआठशे एक्स्टेन्शन आणि ग्राहकांचे फोन घेणारे १८० प्रतिनिधी एकाच आयपी पीबीएक्सवर, म्हणजे संगणक-नेटवर्कवर चालणाऱ्या टेलिफोन एक्सचेंजवर, काम करतात, आणि या यंत्रणेची जबाबदारी गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिच्यासाठी डेलचे पॉवरएज आर६५० हे दोन सर्व्हर घेतले. गणेश चतुर्थीच्या शनिवार-रविवारी, म्हणजे ७ आणि ८ सप्टेंबरला, सगळे फोन जुन्या यंत्रणेवरून त्यांच्यावर आणले, आणि तेव्हापासून या सर्व्हरांनी एक दिवाळी, एक मार्चअखेर आणि एक पूर्ण पावसाळा काढला आहे. खरेदीपूर्वी या आकाराच्या यंत्रणेचा अनुभव कोणी मराठीत लिहिला आहे का, हे मी शोधले होते आणि हाती काही लागले नव्हते. म्हणून काय घेतले यापेक्षा ते का घेतले, हे मी इथे अधिक विस्ताराने लिहिते.

बदल करणे भागच होते. आमचे जुने फ्रीपीबीएक्स (पीबीएक्स चालवणारे मुक्त सॉफ्टवेअर) सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर चालत होते आणि ३० जून २०२४ रोजी त्या प्रणालीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबले. फ्रीपीबीएक्सची १७ वी आवृत्ती डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आल्यामुळे सगळे नव्याने उभे करावेच लागणार होते. मात्र माझे खरे दुखणे जुन्या यंत्राचे होते. ते एका स्थानिक विक्रेत्याने जुळवून दिलेले टॉवर यंत्र होते. त्यात वीजपुरवठ्याचे युनिट एकच होते, साध्या चार हार्ड डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी अशा जोडणीत) जोडलेल्या होत्या आणि पीआरआयची, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून येणाऱ्या डिजिटल लाइनची, कार्डे थेट मदरबोर्डवर बसवलेली होती. एका सोमवारी सकाळी त्यातली एक डिस्क गेली. नवी डिस्क घातल्यावर रेड पुन्हा भरून येईपर्यंत दिवसभर प्रत्येक फोनवर आवाज तुटत राहिला. सर्व्हर चालू होता, एकही फोन बंद पडला नव्हता आणि सूचनाफलकावर सगळे दिवे हिरवे होते. तरीही ग्राहकसेवेच्या ताई हेडसेट काढून माझ्या टेबलापाशी येत होत्या आणि सांगत होत्या, "मॅडम, समोरच्याचा पत्ता तीनदा विचारावा लागतोय." ई-मेल चार सेकंद उशिरा आला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बोलणे मात्र दर २० मिलिसेकंदांना एक याप्रमाणे पॅकेटमध्ये जात असते आणि उशिरा आलेले पॅकेट न आल्यातच जमा असते. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते, आणि त्यातला बराचसा वाटा फोन, लाइन आणि पॅकेटच्या येण्यातली अनियमितता, म्हणजे जिटर, सावरणारा जिटर बफरच घेतात. सर्व्हरच्या वाट्याला अगदी थोडे उरते. तेव्हापासून टेलिफोनचा सर्व्हर किती मोठा आहे यापेक्षा तो किती एकसारखा चालतो, हे मी आधी पाहते.

आकार ठरवण्यासाठी आम्ही एक्स्टेन्शनची संख्या धरली नाही, कारण साडेआठशे माणसे एकाच वेळी बोलत नसतात. जुन्या यंत्रणेतल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या, तेव्हा सर्वाधिक गर्दीचा तास सकाळी ११ ते १२ हा निघाला. त्या तासात बाहेरचे साधारण १,९०० कॉल होतात आणि एक कॉल सरासरी तीन मिनिटे चालतो, म्हणजे एकूण ५,७०० मिनिटे, म्हणजेच ९५ अर्लांग (तासभर सरासरी ९५ कॉल एकाच वेळी चालू). कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. अर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेले सूत्र आजही याच कामासाठी वापरतात आणि त्याचे तक्ते सहज मिळतात. शंभरात एकच कॉल अडावा असे धरले, तर ३० चॅनेल (एका चॅनेलवर एका वेळी एकच कॉल) सुमारे २०, ६० चॅनेल सुमारे ४७ आणि १२० चॅनेल सुमारे १०३ अर्लांग पेलतात. आपल्याकडच्या एका पीआरआयमध्ये बोलण्यासाठी ३० चॅनेल असतात, त्यामुळे आम्हाला चार पीआरआय पुरतात. दोन कार्यालयांमधले अंतर्गत कॉल, कॉन्फरन्स आणि पुढची वाढ मिळून सर्व्हरने एकाच वेळी ३०० कॉल निर्धास्त पेलावेत, असे आम्ही ठरवले. हा आकडा हातात नसताना कोणत्याही विक्रेत्याला भेटू नये, असे माझे मत आहे, कारण तो नसला की यंत्राचा आकार विक्रेताच ठरवतो.

आमच्याकडे आलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये नेमके तेच झाले होते. त्यात १६ कोअरचे झिऑन सिल्व्हर ४३१४ हे दोन प्रोसेसर, म्हणजे एकूण ३२ कोअर, आणि त्यांच्या जोडीला २५६ जीबी रॅम होती. शंभर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यासाठी ते यंत्र चांगले होते. आमचे काम मात्र वेगळ्या प्रकारचे आहे. जी.७११ या कोडेकचा, म्हणजे आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा, एक कॉल इथरनेटवर एका दिशेला सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट घेतो. प्रत्येक कॉलला दोन बाजू असतात हे लक्षात घेतले, तरी ३०० कॉलना येताना ५२ आणि जाताना ५२ मेगाबिटच लागतात, म्हणजे एक गिगाबिटच्या पोर्टला हे ओझे काहीच नाही. परंतु पॅकेट मोजायला घेतली, तर प्रत्येक बाजूने, प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० याप्रमाणे ती ६०,००० होतात, आणि यातले प्रत्येक पॅकेट वेळेवर उचलून वेळेवर पुढे द्यायचे असते. फ्रीपीबीएक्सच्या मुळाशी असलेले ॲस्टेरिस्क हे सॉफ्टवेअर कॉलचे काम अनेक कोअरवर वाटून देते हे खरे आहे, पण प्रतीक्षा-रांगा, त्यातल्या प्रतिनिधींची स्थिती आणि रेकॉर्डिंग सुरू करण्या-थांबवण्याची कामे एकमेकांसाठी खोळंबतात. अशा ठिकाणी कोअर वाढवून फारसा लाभ होत नाही, प्रत्येक कोअरचा वेग उपयोगी पडतो. म्हणून आम्ही २.४ गिगाहर्ट्झ मूळ वेगाच्या ३२ कोअरऐवजी ३.६ गिगाहर्ट्झ मूळ वेगाचा, ८ कोअरचा झिऑन गोल्ड ६३३४ घेतला, आणि तोही एकच. एकच प्रोसेसर असला की एका प्रोसेसरला जोडलेली मेमरी दुसऱ्याने लांबून वाचण्याचा प्रश्नच उरत नाही. रॅम ६४ जीबी ठेवली, आणि ती मुद्दाम आठ-आठ जीबीच्या आठ पट्ट्यांत घेतली, कारण या पिढीच्या झिऑनला मेमरीचे आठ मार्ग आहेत आणि दोन मोठ्या पट्ट्या घातल्या तर सहा मार्ग रिकामे राहतात. या काटकसरीतून वाचलेल्या पैशांतून दुसरा सर्व्हर आला, आणि संपूर्ण खरेदीतला सर्वांत योग्य निर्णय मी यालाच मानते.

यंत्र हाती आल्यावर बायोसमधली, म्हणजे सर्व्हरच्या मूळ सेटिंगमधली, एक गोष्ट आवर्जून बदलावी. सर्व्हर कारखान्यातून येताना वीज वाचवण्याच्या प्रोफाइलवर येतो, म्हणजे काम कमी झाले की कोअर वेग उतरवतात आणि डुलकी घेतात. टेलिफोनच्या कामात ही डुलकी नको, म्हणून आम्ही ते प्रोफाइल 'परफॉर्मन्स'वर आणले. फरक कानाला जाणवण्याइतका मोठा नव्हता, पण जिटरच्या आलेखावर तो स्वच्छ दिसला. विशेष म्हणजे तो गर्दीच्या वेळी न दिसता संध्याकाळी सातनंतर, मोजकेच कॉल चालू असताना दिसला.

कोडेकच्या बाबतीत सांगण्यासारखे थोडेच आहे. पूर्वी ठाणे आणि महापे यांच्यातली लाइन अरुंद होती, म्हणून जी.७२९ वापरावा लागे आणि सर्व्हरची बरीच शक्ती आवाजाचे रूपांतर करण्यात खर्च होई. त्या कोडेकची पेटंटे २०१७ मध्ये संपली, त्यामुळे परवान्याचा खर्च राहिला नाही, पण रूपांतराचे ओझे राहतेच. आता दोन्ही कार्यालयांमध्ये १०० मेगाबिटची लीज्ड लाइन आहे, त्यामुळे बाहेरचे सर्व कॉल शेवटपर्यंत जी.७११ मध्येच राहतात. कार्यालयांतर्गत कॉलसाठी आम्ही जी.७२२ ठेवला आहे. तो तेवढ्याच ६४ किलोबिटमध्ये दुप्पट रुंदीचा आवाज देतो. साध्या टेलिफोनवर ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो आणि 'स' व 'श' यांतला बराचसा फरक नेमका त्याच पट्ट्यात असतो. आडनाव शेवाळे की सेवाळे, असे विचारण्याची वेळ आता निदान आमच्या दोन इमारतींमध्ये येत नाही, आणि मराठीत बोलणाऱ्यांसाठी मला ही सोय मोलाची वाटते.

सर्वांत अधिक विचार रेकॉर्डिंगवर करावा लागला. आमचा प्रत्येक ग्राहक-कॉल ध्वनिमुद्रित होतो. साध्या वॅव्ह फाइलला सेकंदाला १६ किलोबाइट, म्हणजे तासाला सुमारे ५८ मेगाबाइट जागा लागते. पुढची वाढ सढळ धरून दिवसाचे नऊ तास सरासरी १५० कॉल चालू राहिले असे मानले, तर रोजचे ७८ गिगाबाइट होतात. डिस्कच्या वेगाच्या हिशेबाने हे काहीच नाही, कारण ३०० कॉल एकदम मुद्रित केले तरी सेकंदाला पाच मेगाबाइटही होत नाहीत. अडचण येते ती एकाच वेळी उघड्या असलेल्या शेकडो फाइलींमध्ये थोडे-थोडे लिहीत राहण्याची. फिरत्या डिस्कची सुई या फाइलीवरून त्या फाइलीवर धावत राहते, आणि रेड ५ मध्ये तर प्रत्येक छोट्या लिखाणासाठी आधी जुने वाचून, पॅरिटीचा (गेलेली डिस्क भरून काढणाऱ्या माहितीचा) हिशेब करून मग लिहावे लागते. जुन्या यंत्राचा घात तिथेच झाला होता. नव्या सर्व्हरमध्ये आम्ही प्रणालीसाठी डेलच्या बॉस नावाच्या कार्डावरच्या दोन छोट्या एसएसडी (न फिरणाऱ्या डिस्क) एकमेकींच्या प्रतिबिंबात ठेवल्या आहेत, आणि रेकॉर्डिंगसाठी १.९२ टीबीच्या चार एसएसडी पर्क एच७५५ या डिस्क-कंट्रोलरवर रेड १० मध्ये (पॅरिटीऐवजी माहितीची दुसरी प्रत ठेवणाऱ्या जोडणीत) लावल्या आहेत. त्यात साधारण दीड महिन्याचे रेकॉर्डिंग मावते. रात्री एकनंतर जुन्या फाइली जीएसएम स्वरूपात साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत लहान होऊन नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या यंत्रावर, जातात. चालू रेकॉर्डिंग आधी रॅममध्ये ठेवून नंतर डिस्कवर हलवण्याची एक पद्धत आहे आणि फिरत्या डिस्कसाठी ती उपयुक्तही आहे. आम्ही ती सोडून दिली, कारण वीज गेली तर नेमका तक्रारीचा कॉल नष्ट होण्याची भीती असते आणि एसएसडीवर तिची गरज भासत नाही.

ही जोडणी आम्ही फोन हलवण्याआधीच तपासली. सिप-पी या मुक्त साधनाने ४०० कृत्रिम कॉल रेकॉर्डिंगसह चालू केले आणि त्या गर्दीत एक खरा कॉल लावला. मी महाप्याच्या सर्व्हर खोलीत उभी राहून फोनवर एक ते शंभर आकडे सावकाश मोजत होते आणि वागळे इस्टेटमधला माझा सहकारी ऐकू न आलेले आकडे कागदावर टिपणार होता. चाळिसाव्या आकड्याला मी रेड १० मधली एक एसएसडी तिची खिट्टी दाबून सरळ बाहेर ओढली. सर्व्हरच्या तोंडावरचा दिवा नारिंगी झाला आणि मी एकेचाळीस म्हटले. शंभरपर्यंत पोहोचल्यावर विचारले, तर सहकाऱ्याचा कागद कोरा होता. मग एसएसडी परत बसवली आणि रेड भरून येत असताना पुन्हा शंभरपर्यंत मोजले. तेव्हाही कागद कोराच राहिला. त्या संपूर्ण चाचणीत प्रोसेसरचा वापर निम्म्यावर गेला नाही. विक्रेत्याकडून यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी ही चाचणी त्याच्याच समोर करावी, असा माझा आग्रह राहील. डिस्क ओढू न देणाऱ्याला तिच्याबद्दल खात्री नाही, असे खुशाल समजावे.

पीआरआयची कार्डे आम्ही सर्व्हरमध्ये बसवली नाहीत. कार्ड स्वस्त पडते आणि जागाही घेत नाही, पण सर्व्हर बंद पडला की लाइनही त्याच्याबरोबर अडकते, आणि मग रात्री कोणीतरी जाऊन केबल काढून दुसऱ्या यंत्राला लावावी लागते. त्याऐवजी प्रत्येकी दोन पोर्टचे दोन स्वतंत्र गेटवे घेतले, जे पीआरआयचे कॉल सिपमध्ये (नेटवर्कवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीत) बदलून जो सर्व्हर जागा असेल त्याच्याकडे पाठवतात. एक गेटवे गेला तरी ६० चॅनेल, म्हणजे ४७ अर्लांग शिल्लक राहतात. गर्दीच्या तासाला ते अपुरे पडतील, पण दुपारी चारनंतरचे काम त्यावर निभावते. इमारतीच्या सुरक्षा कक्षातला आणि लिफ्टमधला फोन मात्र आम्ही या सगळ्यापासून दूर, स्वतंत्र तांब्याच्या लाइनवर ठेवला आहे आणि तो तसाच राहावा.

विजेबद्दल ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम करणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. शुक्रवारी देखभालीसाठी वीज जाणार, हे इथल्या प्रत्येक कार्यालयाला पाठ असते. आर६५० ला दोन वीजपुरवठा युनिट आहेत आणि सर्व्हर चालू असतानाच त्यातले एक काढता येते. एक युनिट एका यूपीएसला आणि दुसरे दुसऱ्या यूपीएसला जोडायचे, हा त्यामागचा साधा हेतू असतो. आमच्याकडे काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने दोन्ही वायरी नीटनेटक्या बांधून एकाच यूपीएसला लावल्या होत्या, आणि रॅकच्या मागे टॉर्च घेऊन वाकून पाहिले नसते तर ते मला पहिल्या शुक्रवारीच कळले असते. एसीचीही अशीच एक अडचण असते. वीज परत आल्यावर बरेच साधे स्प्लिट एसी आपोआप सुरू होत नाहीत, रिमोटचे बटण कोणीतरी दाबावे लागते. जनरेटरवर सर्व्हर चालू आणि एसी बंद, अशा स्थितीत छोट्या खोलीचे तापमान फार लवकर चढते. स्वतः सुरू होणारे दोन एसी आळीपाळीने चालवणे आणि सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान राखणे, एवढे पुरते. महाप्याच्या आसपासच्या रासायनिक कारखान्यांची हवा हा आणखी एक शत्रू आहे. जुने यंत्र उघडले, तेव्हा आतल्या उघड्या तांब्यावर काळसर थर चढलेला होता आणि बोट फिरवले तर तो निघत नव्हता. म्हणून नव्या खोलीची खिडकी कायमची बंद केली आहे. शिवाय खोली तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि तो दिवस पाहिलेल्यांना या खर्चाचे कारण समजावून सांगावे लागले नाही.

आता उणिवा लिहिते. हे यंत्र उंचीला एकच यू, म्हणजे रॅकमधला एकच कप्पा, असले, तरी लांबीला पाऊण मीटरहून अधिक आहे. आमच्याकडचा ६०० मिलिमीटर खोलीचा नेटवर्क रॅक त्याला पुरला नाही आणि ऐन वेळी १,००० मिलिमीटरचा नवा रॅक आणावा लागला. कोटेशन मागवण्यापूर्वी टेप घेऊन रॅक मोजून ठेवावा. एवढ्या कमी उंचीच्या कोणत्याही सर्व्हरचे छोटे पंखे वेगाने फिरतात आणि मोठा आवाज करतात, त्यामुळे तो माणसे बसतात त्या खोलीत ठेवता येत नाही. घरी बसून सर्व्हरचा पडदा पाहता यावा यासाठी आयड्रॅकचा, म्हणजे सर्व्हर दुरून हाताळण्याच्या डेलच्या सोयीचा, एंटरप्राइझ परवाना लागतो आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. तो घ्यावाच, कारण पावसाळ्याच्या रात्री ठाण्याहून महाप्याला जाण्याचे टळते. प्रोसेसर एकच असल्यामुळे विस्तारासाठीच्या काही जागाही वापरता येत नाहीत, पण आमच्यासाठी ही उणीव नाही. एचपीईचा डीएल३६० जेन१० प्लस हा याच पिढीचा, याच तोडीचा पर्याय होता आणि तो घेतला असता तरी मी समाधानी राहिले असते. निवड शेवटी सेवाकरारावर झाली. चार तासांत सुटा भाग आणून देण्याचा करार दोघांकडेही मिळतो, पण तो भाग नेमक्या कोणत्या गोदामातून येतो आणि रात्री ते गोदाम उघडे असते का, हे आम्ही लेखी विचारले, आणि ज्या विक्रेत्याने सरळ उत्तर दिले त्याच्याकडून खरेदी केली. त्यावरचा १८ टक्के जीएसटी अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावा.

दोन्ही सर्व्हर पेसमेकर (कोणत्या सर्व्हरने काम करायचे ते ठरवणारे) आणि डीआरबीडी (एकाच्या डिस्कवरचे दुसऱ्यावर उतरवत राहणारे) ही सॉफ्टवेअर वापरून जोडीने चालतात. दोघांना मिळून एकच तरता आयपी पत्ता आहे, जो काम करणाऱ्या सर्व्हरकडे राहतो. दोघांमध्ये स्वतंत्र केबल टाकली आहे, आणि एकाला दुसऱ्याबद्दल शंका आली तर तो आयड्रॅकमार्फत आधी त्याची वीज बंद करतो, म्हणजे दोघेही स्वतःला मालक समजण्याचा प्रसंग येत नाही. चालू असलेले कॉल बदलाच्या वेळी तुटतात, हे व्यवस्थापनाला मी आधीच स्पष्ट सांगितले होते आणि ते प्रत्येकाने सांगावे. नवे कॉल मिनिटभराच्या आत सुरू होतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मुद्दाम मुख्य सर्व्हर बंद करतो आणि पुढचा महिनाभर काम दुसऱ्यावर ठेवतो, त्यामुळे राखीव यंत्र नुसते धूळ खात पडून राहत नाही.

एक काम अजून बाकी आहे. दोन्ही सर्व्हर आणि दोन्ही गेटवे आज महाप्याच्या एकाच खोलीत आहेत, त्यामुळे त्या खोलीलाच काही झाले तर या जोडीचा उपयोग नाही. एक गेटवे त्याच्या दोन पीआरआयसह वागळे इस्टेटला नेण्यासाठी टेलिफोन कंपनीकडे अर्ज केला आहे, आणि तिथला नवा रॅक मी या वेळी स्वतः टेप लावून मोजून घेतला आहे.